रक्तदात्यांची यादी घेऊन पनवेलला

महाडहून पनवेल काही फार लांब नाही. आमच्याकडची माणसं मुंबईला जाताना पनवेलच्या स्टँडवर उतरतात, चहा पितात आणि पुढे जातात. एकावन्न वर्षांत मीही पनवेल तेवढंच पाहिलं होतं. म्हणून जानेवारीत मी "दोन दिवस पनवेलला जाऊन येते" म्हटलं, तेव्हा लॅबमध्ये सगळ्यांनी एकच विचारलं, "आणि तिथून पुढे कुठे?" पुढे कुठेच नाही. पनवेललाच जायचं होतं आणि वेबसाइट बनवायला शिकायचं होतं.

मी महाडच्या एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सव्वीस वर्षं लोकांचं रक्त काढतेय. रक्तगट तपासता तपासता मी एका वहीत नावं लिहू लागले: कुणाचा गट काय, गाव कोणतं, फोन नंबर काय, गरज पडली तर रक्त द्यायला येईल का. वही भरत गेली, दोनशेच्या वर नावं झाली. तालुक्यात कुणाला रक्त लागलं की फोन माझ्याकडे येऊ लागले.

गेल्या मे महिन्यात भाचीचं लग्न होतं. माझा फोन पर्समध्ये आणि पर्स नवरीच्या खोलीत. चार तासांनी पाहिलं तर अकरा मिस्ड कॉल. एका बाळंतिणीला बी निगेटिव्ह हवं होतं. तिला दुसरीकडून मिळालं, ती वाचली, पण त्यात माझा काही हात नव्हता. तेव्हापासून वाटायला लागलं की ही वही माझ्या कपाटात असून उपयोगाची नाही, ती सगळ्यांना दिसली पाहिजे.

आमच्या लॅबच्या डॉक्टरांचा मुलगा पुण्यात शिकतो. त्याने एका संमेलनाची माहिती पाठवली. वेबसाइट बनवणाऱ्या लोकांनी, कुठल्याही कंपनीशिवाय, हौसेने भरवलेलं. प्रवेश मोफत, काहीच येत नसलं तरी चालेल असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. फॉर्ममध्ये 'तुम्ही काय काम करता' अशी चौकट होती. मी लिहिलं, 'रक्त काढते.' दुसऱ्याच दिवशी नाव पक्कं झाल्याचं उत्तर आलं.

शुक्रवार, नवीन पनवेल

माझी मावसबहीण विद्याताई नवीन पनवेलला राहते. तिचे यजमान बँकेतून निवृत्त झालेत, मी त्यांना भाऊजी म्हणते. दादरची जागा सोडून ते इथे आले त्याला आता वीस वर्षं होतील.

महाडात पत्ता सांगताना आम्ही माणसं सांगतो: पोस्टासमोर, अमक्याच्या गिरणीला लागून, तमक्या गुरुजींच्या मागे. इथे सगळे आकडे. सेक्टर, प्लॉट, इमारत, फ्लॅट. ताईच्या मजल्यावर चार दारं आहेत. मी विचारलं, "समोर कोण राहतं?" तर ती म्हणाली, "तीनशे दोन." मग जरा ओशाळून, "अगं, अकोल्याचे आहेत. फार चांगले आहेत." तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मात्र प्रबळगड सगळाच्या सगळा दिसतो. पोळ्या लाटताना समोर एवढा मोठा डोंगर असणं मला फार आवडलं.

रात्रीचं जेवण लवकर उरकलं. भाऊजी म्हणाले, "या वयात कोडिंग?" पण तेच मग डॉक्टरांनी दिलेल्या माझ्या जुन्या लॅपटॉपचा चार्जर तपासून गेले, आणि वायर सैल आहे म्हणून तिला चिकटपट्टी लावून दिली.

शनिवार, दोन वेळा सेक्टर अकरा

सकाळी रिक्षावाल्याला म्हटलं, "सेक्टर अकरा, कॉलेज." नाक्यावर मजुरीच्या कामाची वाट बघणारे बायाबापडे ओळीने बसले होते, घमेली पालथी घालून. त्यांच्यापुढून वळलो आणि पाच मिनिटांत पोचलोही. फाटकाला कुलूप होतं. आतून रखवालदार आला.

"आज इथं काहीच नाही मॅडम."

मी त्याला फोनवरचा पत्ता दाखवला. तो वाचून हसला. "हे कामोठ्याचं अकरा आहे. तुम्ही नवीन पनवेलच्या अकरात आलात."

एकाच शहरात सेक्टर अकरा दोन असू शकतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसरी रिक्षा केली, ट्रेलरच्या रांगेमागून रखडत कामोठ्याला पोचले तोवर पाऊण तास उशीर झाला होता. दारावर एका मुलीने गळ्यात अडकवायचं कार्ड दिलं. त्यावर फक्त 'सुनंदा'. आडनाव नाही. आमच्याकडे नावानंतर आडनाव, मग गाव, मग माहेर असं विचारत विचारत माणसं तुमच्यापर्यंत पोचतात. इथे शेजारच्या मुलाने पहिला प्रश्न केला, "फ्रंट एंड की बॅक एंड?"

मी म्हटलं, "पॅथॉलॉजी."

नवशिक्यांचा वर्ग तिसऱ्या मजल्यावरच्या संगणक कक्षात होता. खोली कॉलेजच्या मुलामुलींनी भरलेली. एकच खुर्ची रिकामी होती, चाळिशीच्या एका गृहस्थांच्या शेजारची. त्यांनी आपला डबा उचलून मला जागा केली.

"बसा ताई. मना वाटला, या वर्गान मी एकलाच म्हातारा हाय."

ते हेमंत. न्हावा शेवा बंदराजवळच्या कंटेनर यार्डात कारकून, राहायला उरणकडच्या गावात. ट्रेलरचे ड्रायव्हर आपला कंटेनर तयार आहे का हे कळायला तासन्‌तास फाटकाशी रांगेत बसतात. ते ड्रायव्हरांना फोनवरच दिसावं यासाठी हेमंतांना पान बनवायचं होतं.

शिकवणारी मुलगी नाझनीन. पनवेल गावातली, सव्वीस-सत्तावीसची. आठवडाभर नोकरी करते आणि वर्षातून हे दोन दिवस इथे शिकवते. तिचं शिकवणं मला चटकन कळलं, कारण ती घाई करत नव्हती. वेबपानावर प्रत्येक गोष्टीच्या आधी एक खूण लिहायची, आणि ती गोष्ट संपली की खूण बंद करायची. शीर्षक असेल तर शीर्षकाची, यादी असेल तर यादीची. मला हे नमुन्याच्या बाटलीला लेबल लावण्यासारखं वाटलं, आणि लेबलाच्या बाबतीत मी कधी चुकत नाही, असं मनात म्हणते न म्हणते तोच चुकले. शीर्षकाची खूण बंदच केली नव्हती. पडद्यावर माझ्या यादीतली सगळी माणसं भल्या मोठ्या ठळक अक्षरांत उभी राहिली. सबंध महाड तालुका ओरडत असल्यासारखा दिसत होता.

हेमंत वाकून बघत म्हणाले, "ताई, दार उघडा ऱ्हायला तुमचा." आणि बोट ठेवून नेमकी जागा दाखवली.

दुपारी जेवणाची पाकिटं आली, पुलाव आणि कोशिंबीर. हेमंतांनी तरी डबा उघडला. "फुकटचा जेवान हाय ह्या बायकोला सांगितला, पन तिला काय पटला नाय." तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. अर्धी भाकरी त्यांनी मला विचारल्याशिवायच माझ्या पाकिटावर ठेवली. आमच्याकडेही जवळा करतात, पण आम्ही कांदा जास्त घालतो. ही नुसती लसणीवर होती आणि जास्त चांगली होती.

डॉक्टरांच्या मुलाने माझी वही आधीच संगणकावर उतरवून दिली होती. दुपारनंतर नाझनीनने ती पानात कशी आणायची ते दाखवलं, मग गटांची बटणं करायला शिकवलं. चार वाजता मी 'ओ निगेटिव्ह' असं लिहिलेलं बटण दाबलं आणि दोनशे नावं नाहीशी होऊन तीनच उरली. नाव, गाव, फोन नंबर. वहीत हे शोधायला मला पाच मिनिटं लागायची.

बाकीच्यांनी आपापल्या आवडत्या क्रिकेटपटूंवर किंवा स्वतःवर पानं केली होती. नाझनीनने माझं पान मोठ्या पडद्यावर लावलं तेव्हा सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. मग तिने ते इंटरनेटवर चढवायला शिकवलं. "आता जगात कुठूनही दिसेल," ती म्हणाली. "उद्या दुपारी पाच-पाच मिनिटं बोलायचा कार्यक्रम आहे. तुम्ही हे पान दाखवा, सुनंदाताई. बिलकुल नाही म्हणायचं नाही."

मी हो म्हटलं. आणि तिथेच बसून ती लिंक लॅबच्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर आणि शाळेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर पाठवली. खाली लिहिलं, 'कृपया जास्तीत जास्त पुढे पाठवा.'

शनिवार संध्याकाळ, पोपटी

ताईच्या सोसायटीत त्या दिवशी पोपटी होती. थंडीत या भागात शेतावर लावतात, इथे ती इमारतीमागच्या रिकाम्या प्लॉटवर लावली होती. सोसायटीचे रखवालदार भोईर जवळच्याच गावचे. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा आणि जाडं मीठ, वरून पुन्हा पाला. मग मडकं पालथं घालून भोवती जाळ. तीनशे दोनचे अकोलेकर दर पाच मिनिटांनी "झाली का?" विचारत होते आणि भोईर दर वेळी "नाय" एवढंच म्हणत होते. शेवटी त्यांनी मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारले, ते चुर्र करून उडाले, तेव्हा त्यांनी मान हलवली.

भांबुर्डीचा वास शेंगांच्या दाण्यापर्यंत उतरला होता. हात काळे करून सगळे खात होते आणि मी एका हाताने शेंग सोलत दुसऱ्या हाताने एकेकाला फोनवर माझं पान दाखवत होते. तेवढ्यात भाऊजींनी आपला फोन पुढे केला. "सुनंदा, हे तुझंच ना?" त्यांच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींच्या ग्रुपवर कुणीतरी माझी लिंक पाठवली होती. दोन-तीन तासांत ती महाडला जाऊन पनवेलला परत आली होती. मला इतका आनंद झाला की मी अजून एक अंडं घेतलं.

रविवार

सकाळी सातला फोन वाजला. स्नेहल. महाडजवळच्या एका गावात शिक्षिका आहे, मूळची सांगलीकडची, खोली घेऊन एकटी राहते. माझ्या यादीतल्या तीन ओ निगेटिव्हपैकी एक. दोनदा मी बोलावल्याबरोबर रक्त द्यायला आलेली.

"ताई, माझा नंबर तुम्ही कुठे टाकलात का?"

"हो अगं, वेबसाइट केलीय. का गं?"

"काल रात्रीपासून एक माणूस फोन करतोय. आधी रक्ताचं विचारलं, मी खरंच कुणाला लागलं असेल म्हणून बोलले. मग म्हणाला, त्या गावात एकट्याच राहता का? मी फोन कट केला. मग वेगळ्या नंबरवरून आला. मी आतून दोन्ही कड्या लावून बसलेय. ताई, त्याला माझ्या गावाचं नाव माहीत आहे."

गावाचं नाव मीच लिहिलं होतं. नावासमोर, नीट, वेगळ्या रकान्यात.

"मी आत्ता काढते," मी म्हटलं. पण कसं काढायचं ते मला माहीत नव्हतं. चढवायला शिकले होते, उतरवायला नव्हते. ताईने पोहे पुढे ठेवले होते ते तसेच राहिले. भाऊजी चप्पल घालून माझ्याबरोबर खाली आले आणि रिक्षावाल्याला दोनदा सांगितलं, "कामोठ्याचं अकरा."

कॉलेजात पोचले तेव्हा मुलं खुर्च्या मांडत होती. नाझनीन आली नव्हती. हेमंत आले होते. त्यांच्या गावाहून सोयीची बस पहाटेचीच असते. मी त्यांना सगळं सांगितलं. ते उठले, दारावरच्या मुलीकडून नाझनीनचा नंबर घेतला, तिला फोन लावला आणि माझा लॅपटॉप उघडला. ती तिकडून सांगत होती, हे इकडे एकेक शब्द अडखळत वाचत होते, मी बटणं दाबत होते. शेवटी पडद्यावर प्रश्न आला की हे कायमचं पुसायचं का. मी हो दाबलं.

पान पुन्हा उघडून पाहिलं. होतंच. पुन्हा पाहिलं. होतंच. नाझनीन फोनवर म्हणाली, "दोन मिनिटं लागतात, घाबरू नका." तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा पांढऱ्या पडद्यावर इंग्रजीत आलं, पान सापडलं नाही. आदल्या दिवशी पान दिसल्यावर जितकं बरं वाटलं नव्हतं तितकं ते दिसेनासं झाल्यावर वाटलं.

अर्ध्या तासाने नाझनीन आली. तिचा चेहरा उतरला होता. "गलती माझीही आहे, ताई. काल मी तुमचा कोड तपासला. हे नंबर कुणाचे आणि त्यांना विचारलंय का, हे विचारलंच नाही. ते आधी विचारायला हवं होतं." मग तिने मला खोटा धीरही दिला नाही. "लिंक आता मेली. पण कुणी पानाचा फोटो काढून ठेवला असेल, तर तो आपल्या हातात नाही."

मी स्नेहलला फोन करून सांगितलं की पान काढलंय. ती फक्त "बरं" म्हणाली.

आता अकराच्या बसने सरळ महाडला परत जावंसं वाटत होतं. बॅग ताईकडे होती, तीही तिथेच राहू दे असं वाटत होतं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभी राहिले. दूर कर्नाळ्याचा सुळका दिसत होता आणि खाली हमरस्त्यावर बंदराकडे जाणारे ट्रेलर एकामागे एक सरकत होते. हेमंत दोन कप चहा घेऊन आले.

"तुमची यादी वाईट नाय, ताई," ते म्हणाले. "दाखवायची रीत चुकली. आमच्या यार्डान आमी कोनाला कंटेनर बघाया आत सोरत नाय. ड्रायव्हर खिरकीवर चिठी देतो. आतला मानूस जाऊन बघतो. मागनारा तुमाला दिसला पायजे. देनारा कोनाला कशाला दिसाया पायजे?"

मी चहा पिता पिता ते दोनदा मनात म्हटलं. मग आत जाऊन नाझनीनला सांगितलं. ती म्हणाली, "हेच करू."

त्या दिवशी बाकीच्या खोल्यांत मोठमोठी भाषणं चालली होती, त्यातलं एकही मी ऐकलं नाही. आम्ही तिघं मागच्या बाकावर बसून नवं पान करत होतो. त्यावर एकही नाव नव्हतं. फक्त एक फॉर्म: रुग्ण कोण, रुग्णालय कोणतं, रक्त कोणतं, विचारणारे कोण. ती चिठ्ठी माझ्याकडे येणार, आमच्या डॉक्टरांकडे आणि लॅबमधल्या माझ्या सहकारी वंदनाकडे. तिघांपैकी कुणीतरी वही उघडणार आणि रक्तदात्याला स्वतः फोन करणार. म्हणजे माझा फोन नवरीच्या खोलीत राहिला तरी चालणार.

तीन वाजता पाच मिनिटांच्या भाषणांसाठी माझं नाव पुकारलं. नाझनीन म्हणाली, "नको असेल तर राहू दे." पण मी गेले. समोर दीडशे मुलं. मी म्हटलं, "काल तुम्ही माझ्यासाठी टाळ्या वाजवल्यात. त्या पानामुळे आज सकाळी एका मुलीला आपल्या खोलीला आतून दोन कड्या लावून बसावं लागलं." आणि मग जे झालं ते सगळं क्रमाने सांगितलं. कुणाला न विचारता मी त्यांची नावं जगाला दाखवली, हेही. टाळ्या नाही पडल्या. खाली उतरल्यावर एक मुलगी माझ्या मागे आली. तिने आपल्या हॉस्टेलच्या मैत्रिणींच्या वाढदिवसांचं पान केलं होतं, फोटो आणि खोली नंबरांसकट. "मी ते आत्ता काढते," ती म्हणाली, आणि तिथेच पायरीवर बसून तिने काढलं.

हेमंतांचंही पान तोवर झालं होतं. फाटकाची खिडकी आता ड्रायव्हरच्या फोनवर. निरोप घेताना ते म्हणाले, "महाडला उतरलो तर लॅब शोधीन. पन सेक्टर सांगू नका."

महाड

परतल्यावर तीन आठवडे मी रोज संध्याकाळी फोन करत होते. यादीतल्या प्रत्येकाला. काय झालं ते सांगायचं, माफी मागायची आणि विचारायचं, नाव ठेवू की काढू. एक आजोबा म्हणाले, "ठेवा हो, मला फोन करून कोण काय विचारणार?" एका बाईंच्या नवऱ्याने मला चांगलंच सुनावलं, आणि ते बरोबर होतं. तीसेक नावं गेली.

स्नेहलला फोन केला नाही, स्वतः गेले. तिने नंबर बदलला होता, आणि लॅबच्या कामापुरता म्हणून नवा नंबर मला दिलाही. चहा केला. माझं सगळं ऐकून घेतलं.

"राग गेलाय असं नाही म्हणणार, ताई," ती म्हणाली. "माझं नाव काढा."

मी वही बरोबरच नेली होती. तिच्यासमोर ओळ खोडली.

मार्चमध्ये सकाळी साडेनऊला पानावरून चिठ्ठी आली. पोलादपूरकडचा अपघात, बत्तीस वर्षांचा माणूस, ओ निगेटिव्ह. माझ्याकडे आता दोघंच होते. एकाने पंधरा दिवसांपूर्वीच रक्त दिलं होतं, त्याला इतक्यात पुन्हा देता येत नव्हतं; दुसरा नाशिकला. मी जिल्ह्यातल्या रक्तपेढ्यांना फोन लावायला घेतले. तिसऱ्या ठिकाणी मिळालं, पण गाडी यायला तीन तास लागणार होते.

रुग्णाचा भाऊ लॅबमध्ये येऊन उभा राहिला. "तुमच्याकडे सगळ्या तालुक्याची यादी आहे म्हणतात. अजून एखादं नाव असेल ना?"

स्नेहलची शाळा तिथून वीस मिनिटांवर आहे. तिचा नवा नंबर माझ्या फोनमध्ये होता.

"नाही," मी म्हटलं. "आहेत ती एवढीच."

तो बाकावर बसला. मी त्याला पाणी दिलं, त्याच्या शेजारी बसले आणि दर पंधरा मिनिटांनी लॅबच्या फोनवरून गाडी कुठवर आली ते विचारत राहिले. एक वाजायला दहा मिनिटं असताना गाडी आली. पिशवी घेऊन तो शेजारच्या रुग्णालयाच्या जिन्यावरून धावत वर गेला. माणूस वाचला. मला ते संध्याकाळी कळलं. तोवर, स्नेहलचा नंबर हाताशी नको म्हणून, मी वंदनाला माझा फोन तिच्या खणात ठेवायला सांगितला होता.